आबा बसतात कुठे?

*ताई, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय २९, हायस्कुलात शिकवते. दोन वर्षं खपून सिनेमाची पटकथा लिहिली, ९६ पानांची. विषय घरचाच आहे. बाबांचा खाणीवर ट्रक होता, दुसरा कर्जावर घेतला आणि खाणी बंद पडल्या. पटकथेतले ‘आबा’ म्हणजे थोडेफार तेच. मुंबईतल्या एका जाणकारांना पटकथा दिली. ते म्हणाले, “प्रसंग खरे आहेत, पण माणसं दिसत नाहीत. आबा चांगले आहेत एवढंच कळतं.” मला लागलं, कारण मी आधी प्रत्येक पात्राचं आठ-आठ पानी चरित्र लिहून काढलं होतं. जन्म, शिक्षण, आवडता रंग, भीती, सगळं. काका खलनायक आहे, वाटणीसाठी भांडतो. शेवटी बँकेत आबा मॅनेजरला सुनावतात. ओळखीच्या एकांनी मालिकेसाठी पात्रांचा आराखडाही मागितलाय, तो वेगळा लिहायचा असतो का? आणि खरं सांगू? भीती वाटते. बाबा आजही रोज पहाटे उठून उभ्या ट्रकचं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. त्यांनी हे पडद्यावर पाहिलं तर त्यांना काय वाटेल? पटकथा सोबत जोडलीय. मला ‘तू’च म्हणा.*

बाय,

पटकथा एकदा वाचली, पत्र तीनदा. पत्रात एक माणूस आहे, तो पटकथेत नाही. पहाटे उठून तो अंगणात जातो, कुठेही न जाणाऱ्या ट्रकचं इंजिन सुरू करतो, दहा मिनिटं तिथेच राहतो, मग बंद करतो. ९६ पानांत हे एकदाही येत नाही. पत्रात ते आलं, कारण तिथे तू काही उभारायला बसली नव्हतीस, मनातलं सांगत होतीस. पटकथेतून ते का गळलं याचा मला अंदाज आहे. त्यावर येतेच.

आधी त्या आठ-आठ पानांचं बोलू. आबांचा जन्म कुठल्या साली, शाळा कितवीपर्यंत, आवडता रंग निळा. हे सगळं तुझ्या वहीत राहिलं, पडद्यावर यायला त्याला वाट नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला माणसाच्या मनात शिरता येतं, तिथे बसून दोन पानं विचार करता येतो. कॅमेऱ्याला ते दार बंद आहे. भरतमुनींनी रस कसा तयार होतो ते सांगताना विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव असे शब्द योजले. कॉलेजात आपण ते परीक्षेपुरते पाठ करतो. पटकथा लिहिणाऱ्यानं त्यातला ‘अनुभाव’ तरी उशाशी ठेवावा. भाव आत असतो, अनुभाव बाहेर दिसतो. थरथरणारा हात, चुकवलेली नजर, अडकलेला आवाज. नटाला तेवढंच करता येतं आणि कॅमेऱ्याला तेवढंच टिपता येतं.

तुझ्या २३व्या पानावर लिहिलंय, “आबा आतून पार खचलेले आहेत.” दिग्दर्शकानं याचं काय करायचं? नटाला खाली मान घालून बसवायचं आणि मागे सारंगी लावायची, एवढंच त्याच्या हातात उरतं. तू पळवाट दिलीस की ते पळवाटच घेणार. त्याच जागी इंजिनाची दहा मिनिटं लिही. आबा एक शब्द बोलणार नाहीत आणि बघणाऱ्याला सगळं कळेल. हा माणूस खचलाय आणि त्यानं अजून सोडलेलं नाही, दोन्ही एकाच वेळी. अशी जोडगोळी कुठल्याच चरित्राच्या तक्त्यात मावत नाही.

हे मला शिकवलं ते एका हौशी नटानं. फोंड्याकडच्या एका गावात जत्रेच्या नाटकासाठी मी संहिता लिहिली होती. तेव्हा मी मुंबईला मालिका लिहीत होते, बऱ्यापैकी नाव झालं होतं. बापाचं काम करणारा माणूस बाजारात नारळ विकायचा. पहिल्या वाचनाला त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हो मनीस बसता खंय?” हा माणूस घरात बसतो कुठे? मी म्हटलं, खुर्ची ठेवू मधोमध. तो म्हणाला, खुर्चीचं नाही विचारत. वसरीवर बसतो की आत? रस्त्याकडे तोंड करून की पाठ करून? मला उत्तर देता आलं नाही. तीस पानं लिहून झाली होती आणि तो माणूस कुठे बसतो ते मला ठाऊक नव्हतं.

आता तुला विचारते. आबा बसतात कुठे? आपल्याकडच्या घरांना पुढे सोपा असतो. संध्याकाळी घरचा कर्ता तिथे बसतो, येणारा-जाणारा थांबतो, दोन शब्द बोलतो. ट्रक चालू होते तेव्हा आबा तिथे बसत असणार. खाणी बंद झाल्यावर येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारणार, “मगे, केन्ना सुरू जातलें?” कधी सुरू होणार? मग एका संध्याकाळी आबा सोप्यावर नसतात. आत, माजघरात, दिवा न लावता बसलेले असतात. सोपा रिकामा. कोणी काही बोलायची गरज नाही. पुढे ८०व्या पानावर ते पुन्हा सोप्यावर येऊन बसले, तर नुसतं बसणं हीच मोठी घटना होईल.

आता मला जे सांगायचंय ते ऐक, बाकीचं विसरलीस तरी चालेल. ‘आबा कसे आहेत?’ हा प्रश्न टाकून दे. ‘आबा कोणासमोर कसे आहेत?’ असं विचार.

माणूस एकटा असा नसतोच. बायकोसमोर एक, मुलीसमोर दुसरा, ड्रायव्हरसमोर तिसरा, बँकेतल्या माणसासमोर चौथा. यातला कुठलाही खोटा नसतो. गोव्यात तर हे कानांनी ऐकू येतं. तुझ्या घरातच बघ. बाबा आईशी कोकणीत बोलतात. पेपर मराठी वाचतात, भजनाला बसले की अभंग मराठीत म्हणतात, आणि तो आवाज घरातल्या आवाजापेक्षा जरा वरच्या पट्टीतला असतो. कर्नाटकातून आलेल्या ड्रायव्हरशी हिंदी बोलतात, तीही हुकमाची हिंदी. बँकेत गेले की दोन-चार इंग्रजी शब्द खिशातून काढून पुढे ठेवतात. एकाच दिवसात चार भाषा आणि चार माणसं. दुसऱ्या प्रदेशातल्या लेखकाला हे मुद्दाम घडवावं लागेल. तुला ते जन्मापासून मिळालंय आणि तू ९६ पानं सगळ्यांना एकाच छापील मराठीत बोलायला लावलंस!

मराठी सिनेमात कोकणी किती यावी, हा तुझ्या मनातला प्रश्न असणार. माझं मत सांगते. बघणाऱ्याला प्रसंगावरून समजेल तेवढी कोकणी बिनधास्त येऊ दे. “कांय ना” म्हटल्यावर पुण्यातल्या माणसालाही कळतं. आणि भाषा कुठे बदलते तिकडे लक्ष ठेव. बँकेत इंग्रजी शब्द पेरणारा माणूस बोलता बोलता कोकणीवर आला, तर त्याच क्षणी त्याचा धीर सुटलाय. मग “आबांचा धीर सुटतो” असं कंसात लिहावं लागत नाही.

तर वही काढ आणि आबांची चार माणसं ठरव. आई, मुलगी, काका, बँकेतला माणूस. प्रत्येकासमोर आबा काय दाखवतात आणि काय झाकतात, ते एकेका ओळीत लिही. आईसमोर ते झाकतात की दुसऱ्या ट्रकसाठी घराचे कागद बँकेत ठेवलेत. मुलीसमोर झाकतात की तिच्या शिक्षणाचे पैसे त्यात गेलेत. काकासमोर झाकतात की आपण घाबरलोय. बँकेतल्या माणसासमोर झाकतात की घरात कोणालाच काही माहीत नाही. हे मी आत्ता बसल्या बसल्या रचलं, तू तुझं रच. पण लिहून झालं की तुझ्या लक्षात येईल, प्रसंग आपोआप मिळायला लागतात. आबांनी ज्या दोघांसाठी दोन वेगळे चेहरे जपलेत, त्या दोघांना एका खोलीत आण. झालं. आबांना आता दोन्ही चेहरे एकदम सांभाळायचे आहेत, आणि बघणारा श्वास रोखून बसणार.

म्हणून तुझा बँकेतला प्रसंग मला पटत नाही. आबा टेबलापलीकडच्या मॅनेजरला सुनावतात, दीड पान. तिथे आबांना कोणापासून काहीच झाकायचं नाही. मॅनेजरला कर्ज माहीत आहे, आबांनाही माहीत आहे, घरचं कोणी हजर नाही. मग उरतं ते भाषण. टाळ्या मिळतीलही, आबा मात्र त्यात नाहीत.

त्या मॅनेजरऐवजी बँकेचाच दुसरा एखादा माणूस चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी आण.

गोवा केवढासा! वसुलीचं काम बघणारा कारकून शेजारच्या वाड्यावरचाच असणार. चवथीला तो दर्शनाला येतो, कारण दरवर्षी येतो. घर भरलंय. मुंबईचे, मडगावचे, सगळे मूळ घरी जमलेत. तो गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली उभा राहून हात जोडतो आणि आबांकडे बघतो. आबा त्याच्याकडे बघतात. आई हौसेनं त्याच्या ताटलीत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वाढते. आबा म्हणतात, “आणीक एक घाल.” काका दरवर्षीसारखं चेष्टेनं विचारतो, “आज खंय वाट चुकली?” आणि तो म्हणतो, “कांय ना, सहज आयलों.” कोणीही आवाज चढवलेला नाही. ती जास्तीची नेवरी म्हणजे आबांनी धरलेले पाय आहेत, हे त्या खोलीत दोघांनाच कळलंय. आणि मुलगी दारात उभी असेल तर तिसरीला.

कालाचाही विचार कर. तू सगळं एका वर्षात कोंबलंयस. प्रत्यक्षात काय झालं ते आठव. २०१२च्या सप्टेंबरात आधी राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं. त्या वर्षी चवथ १९ सप्टेंबरला होती, म्हणजे सरकारच्या आदेशानंतर नऊ-दहा दिवसांनी. आणि पावसात खनिजाची वाहतूक तशीही बंदच असायची. त्यामुळे त्या चवथीला अंगणात उभा असलेला ट्रक दरवर्षीसारखाच दिसत होता! बातमी सगळ्यांनी वाचलेली, पण दोन-तीन महिन्यांत होईल सुरू, असं सगळेच एकमेकांना सांगत असणार. लपवणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला आडोसा कुठला? मग २०१३ची चवथ. मधला अख्खा हंगाम कोरडा गेलेला. कारकून नेवऱ्या खायला येतो ती ही. मग २०१४ची. त्या एप्रिलात न्यायालयानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली होती, पण खाणी सुरू झाल्या नव्हत्या. कागदावर आशा होती, अंगणात ट्रक होता. बाय, मला ती तिसरी चवथ सगळ्यात क्रूर वाटते. आशा नव्हती तेव्हा आबा सावरले होते. तीन वर्षं, तीच माटोळी, तीच माणसं, आणि आबा दरवर्षी निराळे. तुझा सिनेमा मला इथे दिसतो.

आता काका. खलनायक म्हणून तू त्याला फार स्वस्तात विकलंस. तो वाटणी का मागतो याला तुझ्याकडे एकच उत्तर आहे, लोभ. मी मुंबईत असताना एका मालिकेत अशीच एक सासू लिहिली होती. सुनेला छळते, बस. काम करणाऱ्या बाईंनी एका रात्री फोन केला, “मी हिला का छळते ते सांगा, मला उद्या करायचंय.” मी रात्रीतून तिच्या लहानपणीचं एक दुःख रचलं आणि तीन भागांत घुसवलं. ते चिकटवलेलं होतं, तसंच दिसलं. त्या बाईंची क्षमा मागायची राहून गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. माझी चूक अशी होती की मी कारण भूतकाळात शोधलं. ते समोरच होतं. त्या सासूला कोणासमोर लहान व्हायचं नव्हतं, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

काकालाही चार माणसं दे. त्याची बायको, तिचे माहेरचे, त्याचा मुलगा, आणि थोरला भाऊ. समज, मुलाला बाहेर पाठवायला त्याला पैसे हवेत. इथल्या कायद्यानं वडिलोपार्जित घरात त्याचा वाटा आहेच, मागण्यात गैर काहीच नाही. त्याला हे ठाऊक नाही की घराचे कागद बँकेत आहेत. आबांना वाटतं हा हावरट, त्याला वाटतं दादा मला लुबाडतोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि भांडण लाव ते माटोळी बांधताना. एक जण शिडीवर, दुसरा खालून नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे वर देतोय. स्वयंपाकघरात बायका आहेत, म्हणून आवाज दबलेला. हात गुंतलेले. रागावलाय तरी हातातला नारळ भावाच्या डोक्यावर पडू नये म्हणून तो नीट धरतोय. मग मला सांग, काकाला खलनायक कोण म्हणेल?

एक गोष्ट मात्र मी रागानं सांगणार आहे. ३१व्या पानावरचा तुझा पोदेर, म्हणजे पाववाला. येतो, पिऊन झिंगलेला असतो, विनोद करतो, जातो. हिंदी पडद्यानं गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला वर्षानुवर्षं हेच दिलं, हातात बाटली, बगलेत गिटार. बाहेरच्यांनी ते केलं तेव्हा आपण चिडलो. तू इथली आहेस. तुझ्या दारात तो माणूस उजाडायच्या आत येतो, सायकलवर टोपली, भोंपू वाजवत. रात्रभर भट्टीसमोर उभा राहिलेला असतो. झिंगलेल्या माणसाच्या हातून उंडे वेळेवर निघत नाहीत! आणि विचार कर, आबा पहाटे इंजिन सुरू करतात तेव्हा त्या रस्त्यावर दुसरं कोण असतं? तोच. रोज बघतो. तीन वर्षं बघतो. एक शब्द बोलत नाही. एवढंच करतो की इंजिन चालू असेल तोवर भोंपू वाजवत नाही, सायकल हातात धरून पाव ठेवून जातो. मला हा माणूस आबांइतकाच बघायला आवडेल, आणि त्याला एकही संवाद नाही.

मालिकेच्या आराखड्याचं थोडक्यात सांगते, कारण ते काम निराळं आहे. रोजची मालिका आठवड्याला सहा दिवस चालली तर वर्षाला तीनशेच्या वर भाग होतात, प्रत्येकी जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटांचे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. म्हणजे तुझं पात्र तुझ्या हातात राहणारच नाही. आराखड्यात ‘प्रेमळ, जिद्दी, स्वाभिमानी’ असं लिहिलंस तर तिघं तीन वेगळ्या बायका लिहितील. त्याऐवजी ती काय कधीच करणार नाही ते लिही. २०२१च्या एप्रिलात महाराष्ट्रात चित्रीकरणं थांबली तेव्हा काही मालिका गोव्यात येऊन राहिल्या होत्या. मेमध्ये इथलीही परवानगी गेली, पण त्या काही दिवसांत मी एका सेटवर जात असे. संवाद सकाळी फोनवर यायचे. एका नटीनं पान वाचलं आणि खाली ठेवलं. “ही नवऱ्याची माफी मागेल, पण सासरच्यांसमोर नाही मागणार. खोलीत मागेल.” दिग्दर्शकानं प्रसंग खोलीत नेला. बघ, तीही ‘कोणासमोर’ हेच सांगत होती. आराखड्यात अशी पाच-सहा वाक्यं असली की पन्नास पानांच्या चरित्राचं काम होतं.

दुसरा फरक साठ्याचा. सिनेमात त्या दोन माणसांना एका खोलीत आणलंस की साठा संपला, पुन्हा तेच करता येत नाही. म्हणून जपून, उशिरा. मालिकेत ती गाठ दर काही आठवड्यांनी पडायला हवी आणि तरी पूर्ण सुटता कामा नये. तिथे टाकी चालत नाही, झर लागते. आबांचं कर्ज ही टाकी आहे, एकदा कळलं की रिकामी. ‘घरात कोणाला माझ्यामुळे काळजी नको’ ही त्यांची खोड ही झर. कर्ज फिटलं तरी ते पुढचं काहीतरी झाकणारच.

सराव हवा असेल तर नोव्हेंबरात पणजीला ये. २००४पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इथे भरतो, जगभरचे सिनेमे आपल्या दाराशी येतात आणि आपण त्यांची नुसती गर्दी बघून घरी जातो. ज्या भाषेचा एक शब्द येत नाही असा सिनेमा निवड. पहिली पंधरा मिनिटं खालची अक्षरं वाचू नकोस, हवं तर हाताचा आडपडदा धर. मग बाहेर येऊन लिही, त्या बाईबद्दल तुला काय काय कळलं? कोणाला घाबरते, कोणावर जीव आहे, घरात तिचं चालतं की नाही. चांगल्या सिनेमात निम्म्याहून जास्त कळलेलं असेल.

आणि आता ते, ज्यावर येते म्हटलं होतं.

९६ पानांत आबा एकदाही खोटं बोलत नाहीत. एकदाही कोणाला तोडून बोलत नाहीत, चुकीचा निर्णय घेत नाहीत, बायकोपासून काही लपवत नाहीत. कर्जही त्यांना कोणीतरी घ्यायला लावलं असं तू लिहिलंस. मुंबईच्या जाणकारांना आबा ‘चांगले’ एवढेच दिसले ते यामुळे. तू पात्र लिहीत नव्हतीस, वडिलांना जपत होतीस. इंजिनाचा प्रसंगही म्हणूनच गाळलास. त्यात ते वेडे दिसतील, लोक हसतील, अशी भीती. मी तुझी जागा समजू शकते. वडिलांना जपू नकोस असं कुठल्या तोंडानं सांगू?

पण असं करून बघ. आबांना तुझ्या बाबांपासून थोडं दूर ने. त्यांना तुझ्या बाबांनी न केलेली एक चूक करायला लाव. तुझ्या ओळखीतल्या दुसऱ्या कुठल्या ट्रकवाल्याची एखादी सवय दे. आणि तुझी स्वतःची एक खोट दे. तूही काहीतरी झाकतेसच ना? दोन वर्षं पटकथा लिहिलीस, घरी कोणाला सांगितलंस? तुझ्या पत्रावरून वाटत नाही. मग आबांचं लपवणं कसं असतं ते तुला बाहेरून शिकावं लागणार नाही. असे तीन जण एकात मिसळले की आबा बाबा राहणार नाहीत, आणि मग त्यांना चुकायची मोकळीक मिळेल. गंमत अशी की तेव्हाच ते बाबांच्या जास्त जवळचे वाटतील.

इंजिन मात्र बाबांचं आहे, ते कोणाकडून उसनं घेता येत नाही. म्हणून ते वापरण्याआधी त्यांना सांग. पहिला खर्डा नव्यानं होईपर्यंत थांब, आधी सांगितलंस तर पुन्हा जपायला लागशील. तो झाला की एका पहाटे त्यांच्यासोबत अंगणात जा. पटकथा हातात द्यायची घाई नको. इंजिन चालू असताना सांग की हे मी लिहिलंय. ते नको म्हणाले तर काढ. काढलंस तरी आबा आता उभे आहेत, पडणार नाहीत. मला वाटतं ते नको म्हणणार नाहीत, पण ते तुझे वडील आहेत, माझे नाहीत.

आता फक्त तीन पानं लिही. पहाट, अंगण, ट्रक, पोदेर. पटकथेच्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, तेव्हा दहा मिनिटांतली कुठली तीन दाखवायची ते तुलाच ठरवावं लागेल. संवाद नको. लिहून झालं की पाठव, मी वाट बघते.

आणि आईबद्दल मी काही लिहिलं नाही. तुझ्या पटकथेत ती अकरा वेळा चहा आणते, मी मोजलं. त्या पहाटे इंजिनाचा आवाज घरभर जातो. दहा मिनिटं. त्या वेळी ती कुठे असते? झोपलेली नक्की नसते. पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस, उद्या पहाटे उठून बघ.